हिवाळा, ओटीपोट आणि पानिपत

दिवाळी आटोपली की दिल्लीचं ऊन आठवडाभरात बदलतं. आदल्या रविवारपर्यंत ज्याच्याकडे पाठ फिरवून बसायचं, त्याच्यासाठी पुढच्या रविवारी गच्चीवर जागा धरावी लागते. सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, मटारच्या शेंगांचे ढीग, मीठ-लिंबू लावलेल्या मुळ्याच्या चकत्या. हल्ली हे ऊन गढूळ असतं, वाटेतला सगळा धूर बरोबर घेऊन येतं. तरी आम्ही या द्वारका उपनगरातले लोक गच्चीवर जातोच. पंचवीस वर्षांची सवय आहे.

यंदा माझ्याबरोबर मुक्ता असते. माझी मुलगी. तिला सातवा महिना आहे आणि ती गुडगावहून लॅपटॉपसकट माझ्याकडे राहायला आली आहे. परवा तिचं एक पार्सल आलं. आत बाळंतपणानंतर पोटाला बांधायचा पट्टा होता, रुंद, इलास्टिकचा, चिकटपट्टी असलेला. तिने तो हातात ताणून पाहिला.

"आई, हा किती टाइट बांधायचा असतो?"

"ओटीपोटाला खालून आधार मिळेल इतकाच. कसायचा नाही."

"ओटीपोट म्हणजे?"

मी हात लावून दाखवलं.

"अच्छा, लोअर अ‍ॅब्डोमेन," ती म्हणाली. "मला वाटलं ओटी भरतात त्यातलं काहीतरी."

दिल्लीत वाढलेल्या मुलांचे असे शब्द गळतात. मी त्याचं दुःख करत नाही. तो शब्द मला माहीत होता, पण तेवढ्याने मुक्ताच्या वेळच्या हिवाळ्यात माझा काही फायदा झाला नव्हता.

मुक्ता नोव्हेंबरात झाली. तेव्हा द्वारका म्हणजे सेक्टरांचे आकडे लिहिलेल्या पाट्या, मधे कीकराची, म्हणजे बाभळीची, झाडं आणि अर्धवट उभ्या इमारती. मेट्रो नव्हती. रिक्षावाले यायला तयार नसत. "उधर से सवारी नहीं मिलती," म्हणत आणि पुढे जात. विमानं मात्र इतकी खालून जात की गच्चीवरच्या बाईला वरच्या चाकांची संख्या सांगता यावी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा लिफ्ट बसवलेली होती, पण तिचं लायसन्स यायचं होतं. पाण्याचे नळ होते, पण पाणी टँकरने यायचं. माझा नवरा संजय म्हणायचा, "इथे सगळं आहे, फक्त चालू व्हायचंय."

मी दिल्लीच्याच ओखला औद्योगिक भागात एका निर्यात कंपनीत होते. परदेशी दुकानांसाठी सतरंज्या, पायपुसणी, बाथमॅट बनवून घ्यायच्या आणि पाठवायच्या. माल पानिपतला विणला जायचा, आणि तिथे दर गुरुवारी जाऊन तो तपासणं हे माझं काम होतं. मी इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात वाढले, कापडाचा डिप्लोमा केला. हात फिरवला की बाणा, आडवा धागा, कुठे ढिला पडलाय ते मला कळतं. हे काम मिळवायला मी सहा वर्षं घालवली होती. त्या आधी ते फक्त पुरुषांना देत, कारण जाऊन-येऊन सहा तासांचा रस्ता आणि दिवसभर कारखान्याच्या शेडमध्ये उभं राहणं. रजेवर जाताना आमचे साहेब, सेठीसाहेब, म्हणाले होते, "मैडम, मार्च तक पानीपत नहीं संभाला, तो फिर आप सैंपल रूम में बैठ जाइए. आराम की नौकरी है." सॅम्पल रूम म्हणजे कापडाच्या चौकोनांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. तिथून परत कोणी बाहेर आलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाळंतपण साधंच झालं. म्हणजे डॉक्टर ज्याला साधं म्हणतात तसं: अठरा तास कळा, दणदणीत मुलगी आणि टाके. आई इचलकरंजीहून आली होती. तिच्या ट्रंकेत डिंक, अळीव, बाळंतशेपा, एक लोखंडी शेगडी आणि तिच्या जुन्या सुती लुगड्याचे फाडून, धुऊन, घडी करून आणलेले लांब पट्टे. दहाव्या दिवसापासून शेक सुरू झाला. ओवा निखाऱ्यावर पडला की खोली धुराने भरायची. पहिल्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे सरदारजी धावत खाली आले. "बीबीजी, आग लग गई क्या?" आईने खाटेखालची शेगडी दाखवली आणि आपल्या हिंदीत सांगितलं, "बच्ची का माँ को सेकता है." ते काय समजले कोण जाणे, संध्याकाळी त्यांच्या घरून पंजिरीचा, त्यांच्याकडच्या बाळंतिणीच्या खाऊचा, डबा आला.

शेक झाला की आई पोट बांधायची. मी आडवी, ती खाटेच्या कडेला. खालून वर, एकावर एक वेढे, आणि टोक कडेला खोचून. "घट्ट कर की," मी म्हणायचे.

"घट्ट काय करायचंय? गाठोडं आहेस का तू?" आई म्हणायची. "बांधलंय ते पडून राहण्यासाठी. उठायचं नाही."

मी उठायचे. मला पडून राहणं जमत नाही. पहिल्याच आठवड्यात मी चादरी बदलल्या, दुसऱ्यात गॅसपाशी उभी राहिले. आई कुरकुरायची, पण तिचंही लक्ष इचलकरंजीकडे होतं. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. सव्वा महिना झाला तशी ती गेली. जाताना पट्टे मला देऊन गेली, आणि आणखी दोन महिने बांध म्हणाली.

आता माझ्या हुशारीबद्दल. पानिपतला सुताचे गठ्ठे उचलणारे हमाल मी बघितले होते. गठ्ठा उचलण्याआधी ते कमरेला गमछा करकचून आवळतात. मी मनाशी ताडलं की पोट बांधण्यामागे हेच शास्त्र आहे. टँकर सकाळी अकराला यायचा, संजय तेव्हा ऑफिसात. मग मी मुक्ताला शेजारणीकडे ठेवून, आईचा पट्टा ती बांधायची त्याच्या दुप्पट आवळून, दोन-दोन बादल्या तीन जिने वर आणू लागले. दिवसाला सहा. शेजारणी म्हणायच्या, "अरे रहने दो, हम ला देंगे." मी म्हणायचे, "बिल्कुल नहीं, मैं ठीक हूँ." शिवाय पोट आत जावं म्हणून सकाळी टीव्हीवर बघून उताणं पडून अर्धवट उठण्याचे पोटाचे व्यायाम, पन्नास. सेठीसाहेबांसमोर मला फेब्रुवारीत सपाट पोटाने उभं राहायचं होतं.

दोन आठवड्यांत तीन गोष्टी झाल्या. उताणी पडून डोकं उचललं की बेंबीच्या वर पोटाच्या मधोमध एक लांबट उंचवटा येऊ लागला, पाव भाजताना फुगतो तसा. संध्याकाळ झाली की खाली काहीतरी उतरून बसल्यासारखं जड वाटायचं. आणि खोकले, शिंकले, पायरी चुकली की कपडे ओले व्हायचे. दिल्लीच्या थंडीत ओली सलवार पायाला लागते तेव्हा माणसाला फार काही सुचत नाही. मी कोणाला सांगितलं नाही. आईला फोनवर नाही, संजयलाही नाही. मी मुक्ताच्या लंगोटांतले दोन माझ्यासाठी घेतले आणि वेगळे वाळत घालू लागले.

रात्रंदिवस मी एकच हिशोब करत होते: पानिपतचा रस्ता तीन तासांचा, खड्डे सगळे पाठ, आणि बाईने जावं अशी जागा वाटेत एकही नाही.

परवा मुक्ताने मला विचारलं, "पण तू डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

गेले होते की. दोन महिन्यांच्या तपासणीला. डॉक्टरीणबाईंनी टाके बघितले, "बढ़िया" म्हणाल्या, बाळाचं वजन केलं आणि पुढची बाई आत बोलावली. विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. मुक्ताच्या फोनमध्ये हल्ली एक अ‍ॅप आहे, ते तिला दिवसातून तीनदा विचारतं. विचारणारं यंत्र का असेना, विचारतं तरी.

जानेवारीत धुकं उतरलं. समोरची इमारत आठ-आठ दिवस दिसायची नाही, विमानांचा आवाज यायचा बंद झाला. संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं, एका रिकाम्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. जायचं नव्हतं, पण शेजारीण दारात येऊन उभी राहिली, मग मुक्ताला घेऊन गेले. पंचवीस-तीस बायका, तिळगुळाची ताटं, आणि उखाण्यांचा आग्रह. सेक्टर सहाच्या कुलकर्णी उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या:

"द्वारकेच्या नळाला पाणी नाही, टँकर येतो दुपारी,
मोहनरावांचं नाव घेते, बादली ठेवून दारी."

सगळा हॉल हसला. मीही हसले. आणि हसता हसता थांबले, कारण खालची सतरंजी ओली झाली होती. मी शाल ओढून घेतली आणि तशीच बसून राहिले. वाण घ्यायला नाव पुकारलं, उठले नाही. मुक्ता मांडीवर झोपली आहे असा हावभाव केला. ती टक्क जागी होती.

माझ्या शेजारी सुरेखा बसली होती. तिचा नवरा फौजेत हवालदार, कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायचे. जत तालुक्यातली, तीन मुलांची आई, वयाने माझ्याहून लहान. तिने माझ्याकडे बघितलं, मुक्ताकडे बघितलं आणि कानाशी तोंड आणून विचारलं, "ताई, गळतंय का?"

मी शाल आणखी आवळली.

"मला धाकट्याच्या टायमाला हुतं. शिंकायची चोरी. परेडच्या दिशी झेंड्याला उभी हुते, बँड वाजला आन् माझं झालं." ती खुदकन हसली. "आवं, लाजताय काय? अर्ध्या हालमधल्या बाया मांड्या आवळूनच हसत्यात. बघा की."

मी बघितलं. खरंच होतं.

बायका पांगेपर्यंत ती माझ्याजवळ बसून राहिली. मग तिने आपली शाल माझ्या कमरेला गुंडाळली, सतरंजीची घडी घालून काखेत मारली आणि "ही मी धुऊन आणते" असं मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना बिनदिक्कत सांगितलं, वर "पोरीनं मुतलं" म्हणाली. बिचाऱ्या मुक्तावर हा आळ अजून आहे. मी तो काढलेला नाही.

सुरेखाने मला ज्यांच्याकडे नेलं त्या मॅथ्यू मॅडम. केरळच्या, पन्नाशीच्या, आयुष्यभर इस्पितळात फिजिओथेरपी केलेल्या, आता घरीच दोन खोल्यांत बायकांना बघणाऱ्या. हिंदी अशी बोलायच्या की प्रत्येक शब्द पाटीवर लिहिल्यासारखा. त्यांनी मला उताणं झोपवलं, डोकं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं उभी धरून दाबली.

"तीन उँगली," त्या म्हणाल्या. "पेट की दो पट्टियाँ अलग हो गई हैं. टूटा कुछ नहीं. बाँधती हो?"

मी पट्टा दाखवला. बादल्यांचं सांगितलं. हमालांच्या गमछ्याचंही सांगितलं, थोड्या अभिमानानेच.

त्यांनी पट्टा बाजूला ठेवला. मग टेबलावरची गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली, अर्धी भरलेली. मधोमध दोन्ही हातांनी आवळली. पाणी खाली गेलं, पिशवीचं बूड टम्म झालं.

"हमाल का नीचे वाला मज़बूत है. तुम्हारे में से अभी-अभी बच्चा निकला है. नीचे एक झोली है, मसल की. बीच में कसोगी, तो सारा वज़न किधर जाएगा?"

मी कापडाची बाई. मला एवढं पुरे होतं. नऊ महिने ताणलेलं कापड पूर्ववत व्हायला वेळ मागतं, हे मी रोज कारखानदारांना सुनावत होते. ओल्या बाथमॅटवर वजन टाकून वाळवू नका, आकार जाईल, हे माझंच वाक्य होतं.

"माँ ने ऐसे ही बाँधा था?" त्यांनी विचारलं.

नाही, आईने ढिलं बांधलं होतं. आणि पडून राहा म्हणाली होती. आमच्याकडच्या बाळंतिणीला पट्टा आणि खाट अशा दोन गोष्टी मिळतात. मी खाट सोडली आणि पट्टा तेवढा घेतला, वर त्यावर पाणी भरलं. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, कामाला जाणाऱ्या आमच्यासारख्या बऱ्याच जणींनी तेच केलं असणार. जुनं पाळल्याचंही समाधान आणि नव्या जगात मागे न पडल्याचंही.

त्यांनी दिलेले व्यायाम बघून मी निराश झाले. इतके क्षुल्लक. गुडघे मुडपून पडायचं, श्वास सोडताना वारा आणि लघवी दोन्ही अडवल्यासारखं खालून वर ओढायचं, दहा आकडे धरायचं, आणि मग पूर्ण सोडायचं. "छोड़ना भी काम है," त्या म्हणायच्या. मग एकेक टाच सतरंजीवरून लांब सरकवायची, पोट फुगू न देता. शिंकेच्या आधी ओढून धरायचं. काही उचलायचं झालं तर श्वास सोडत उचलायचं. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून उठायचं. टीव्हीवरचे व्यायाम बंद. बादल्या बंद. पट्टा आधारापुरता, ढिला. आणि पाणी भरपूर प्यायचं. यावर मी हसले. पानिपतच्या दिवशी मी आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचे, अगदी पहिल्या गुरुवारपासून.

"वो आदत बंद," त्या म्हणाल्या. "कम पियोगी तो अंदर और जलन होगी, और बार-बार लगेगी."

सगळ्यात अवघड काय होतं तर बादल्या. व्यायाम मी भिंतीवर तक्ता चिकटवून केले. पण "मला पाणी वर आणून द्या" हे वाक्य शेजाऱ्यांना म्हणायला मला तीन दिवस लागले. म्हटल्यावर सरदारजी म्हणाले, "बस इतनी सी बात?" आणि त्यांनी गच्चीवरून दोर आणि कप्पी लावली. पूर्ण जिन्याचं पाणी त्या कप्पीने वर येऊ लागलं. संजयला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं तू रागावली आहेस, म्हणून दूर असतेस." त्यालाही उत्तर मिळालं.

फेब्रुवारीत कामावर गेले. चार्टर्ड बसमध्ये मागची सीट सोडून मधली धरायची, दणके कमी बसतात. सेठीसाहेबांनी पानिपतला दुसऱ्याला पाठवणं चालू ठेवलं होतं आणि सॅम्पल रूममध्ये एक टेबल रिकामं करून घेतलं होतं. मी ते बघून न बघितल्यासारखं केलं. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये जाऊन उभ्याने ओढायचं, धरायचं, सोडायचं. ओळीने फायलींचे गठ्ठे आणि मधे मी, चेहरा निर्विकार. सुधारणा कधी झाली ते नेमकं सांगता येत नाही. एक दिवस लक्षात आलं की दुपारपर्यंत जड वाटलं नाही. मग एक दिवस खोकले आणि काही झालं नाही. तीन बोटांची दोन झाली, आणि दोनावर अजूनही आहे. मॅथ्यू मॅडम म्हणाल्या, फट किती आहे त्यापेक्षा तिथलं कापड घट्ट झालं की नाही ते महत्त्वाचं.

होळीनंतरच्या गुरुवारी, सेठीसाहेबांकडून गाडी मागून घेऊन, मी पानिपतला निघाले. स्वेटर काढून ठेवले होते, हवेत कोरडी धूळ होती. बॅगेत जादा सलवार. मी सकाळी दोन ग्लास पाणी पिऊन व्हॅनमध्ये बसले. प्रत्येक खड्ड्याआधी श्वास सोडत, ओढून धरत तीन तास. उतरले ती कोरडी. शेडमध्ये माग चालू होते, सुताची कसपटं हवेत भरलेली. तिथे दोन तासांत मला पाच शिंका आल्या. चार कोरड्या गेल्या. पाचवीला एखादा थेंब. त्याबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही.

मग मला लागली. अगदी साधी, कोणालाही लागते तशी. आणि मी मालक जुनेजासाहेबांना विचारलं, "बाथरूम किधर है?"

त्यांनी सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझर छताकडे बघू लागला. "मैडम... लेडीज़ का तो नहीं है. आपने कभी पूछा ही नहीं."

भिंतीशी वीस-पंचवीस बायका सतरंज्यांच्या झालरींना गाठी मारत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळले. "और आप लोग?"

एकीने मान वर न करता सांगितलं, "हम सुबह करके आती हैं जी. फिर घर जाके."

जुनेजासाहेबांनी मला मागच्या घरात आपल्या आईकडे नेलं. परत आल्यावर मी तपासणीचा फॉर्म पुढे ओढला. उजेड, आग विझवायची सोय, डाग, लांबी, रुंदी असे रकाने होते. तळाच्या कोऱ्या जागेत पेनाने एक ओळ आखली आणि लिहिलं: बायकांसाठी संडास, नाही. पुढच्या तपासणीआधी हवा.

दुसऱ्या दिवशी सेठीसाहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. "ये कॉलम कहाँ से आया?"

"नया है, सर."

"हर फ़ैक्टरी में पूछेंगी?"

"हर गुरुवार, सर."

त्यांनी फॉर्म फाइलमध्ये लावला. मग म्हणाले, "ठीक है. पानीपत की गाड़ी आप ही के नाम रखता हूँ."

पुढच्या गुरुवारी शेडच्या मागे विटा उतरवलेल्या दिसल्या, त्याच्या पुढच्या गुरुवारी भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. मी मोजपट्टी घेऊन दरवाजाची जागा बघत होते, तेव्हा ती गाठी मारणारी बाई हात झटकत जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मैडम, कुंडी अंदर से लगेगी ना? लिख दो उसमें."

मी ते लिहिलं: दरवाजाची कडी आतून.